अकरावीचे जैवरेणू: चार रकान्यांआधी पाणी शिकवलं तर?

वर्तकनगर_बायो

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. इथे पालक आहेत, शिक्षक आहेत, लॅबमध्ये काम करणारी माणसं आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

अकरावीला पेशी आणि जैवरेणू असे दोन धडे येतात. जैवरेणूंच्या धड्यासाठी मुलांच्या वहीत चार रकाने तयार असतात: कर्बोदकं, प्रथिनं, मेद, केंद्रकाम्लं. प्रत्येकाखाली व्याख्या, प्रकार, उदाहरणं, कार्य. पेशीच्या धड्यात अंगकांची यादी. सगळं बरोबर लिहिलेलं, सगळं पाठ. पण "बटाटा साखर न साठवता स्टार्च का साठवतो?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

पेशीच्या वजनातला सुमारे ७० टक्के भाग पाणी असतो. ही गोष्ट वहीत एका ओळीत उरकते. पण बाकीचे चारही रेणू जसे आहेत तसे का आहेत, याचं अर्ध्याहून जास्त उत्तर त्या ओळीत दडलेलं आहे. म्हणून मी हल्ली धडा पाण्यापासूनच सुरू करते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे हे रेणू एकमेकांना सतत धरत-सोडत असतात. मिठाच्या कणांवर भार असतो, साखरेवर पाण्याशी जमणारे गट असतात, म्हणून दोन्ही पाण्यात मिसळून जातात. तेलाकडे यातलं काहीच नाही. पाण्यात टाकलं की ते एकत्र येतं आणि वेगळं राहतं.

आता असा रेणू घ्या ज्याचं डोकं पाण्याशी जमणारं आणि दोन लांब शेपट्या तेलाच्या. हे फॉस्फोलिपिड. पाण्यात सोडलं की डोकी बाहेर, शेपट्या आत, असा दुहेरी पदर आपोआप तयार होतो. त्यासाठी ना एन्झाइम लागतं ना ऊर्जा. मेदाचा हा पदर जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा, पण पेशीचं आत-बाहेर त्याच्यावर ठरतं. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. दुहेरी पदराची कल्पना तिथून आली. रक्तपेशीच का? कारण माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका (ऊर्जा बनवणारी अंगकं, मायटोकॉन्ड्रिया) नाहीत. मेद मिळाला तो बाहेरच्या पटलाचाच.

हे पटल पाण्याला जाऊ देतं, पण विरघळलेल्या बऱ्याच गोष्टी अडवते. पाणी मग पटलातून जास्त विरघळलेल्या कणांच्या बाजूला जातं, याला परासरण म्हणतात. आणि परासरणात मोजले जातात ते कण, त्यांचं वजन नाही. इथे बटाट्याचं उत्तर सापडतं. हजारो ग्लुकोज सुटे ठेवले तर ते हजारो कण होतात आणि पाणी आत ओढतात. तेच एका स्टार्चच्या साखळीत गुंफले की कण एकच. आपल्या यकृतात हेच काम ग्लायकोजेन करतं. पुस्तकांत एक हिशोब देतात: यकृताच्या पेशीत ग्लायकोजेनमध्ये जितकं ग्लुकोज बांधलेलं असतं तितकं सुटं असतं, तर त्याची तीव्रता ०.४ मोलरच्या (मोलर म्हणजे लिटरमागे कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास गेली असती. पेशीतल्या सगळ्या विरघळलेल्या कणांची मिळून तीव्रताच मुळात ०.३ मोलरच्या घरात असते. पेशी पाणी खेचून फुटली असती.

मग चरबी वेगळी कशाला? ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या दोन-तीन पट पाणी सोबत बाळगतं. चरबी जवळपास कोरडी राहते, शिवाय ग्रॅममागे ९ किलोकॅलरी देते, कर्बोदकं ४. लांबचा साठा चरबीत का, हे मुलांना आता सांगावं लागत नाही. ती स्वतःच सांगतात.

प्रथिनांचंही तसंच. २० प्रकारची अमिनो आम्लं, काही पाण्याशी जमणारी, काही तेलासारखी. साखळी पाण्यात घडी घालते तेव्हा तेलकट बाजू आत जातात आणि त्यातूनच प्रथिनाला आकार येतो. अंडं उकडलं की ही घडी उलगडते, आतल्या तेलकट बाजू उघड्या पडतात, साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि पांढरं घट्ट होतं.

तुम्ही कुठून सुरुवात करता? घरी मुलांना काय दाखवता?

कोपरीकर

ताई, छान लिहिलंय. पण पालक म्हणून सरळ विचारतो. मुलगी यंदा अकरावीला आहे, पुढे सीईटी आणि नीट दोन्ही द्यायच्या आहेत. प्रश्न येतात ते "खालीलपैकी डायसॅकराइड कोणतं" असे. पाण्यापासून सुरुवात करून वेळ पुरतो का? क्लासमध्ये पहिल्या आठवड्यातच तीन धडे संपवलेत.

वर्तकनगर_बायो

तुमची काळजी रास्त आहे दादा. डायसॅकराइडची (दोन साध्या साखरा जोडून बनलेल्या साखरांची) नावं पाठच करावी लागतात, त्याला दुसरा रस्ता नाही. सुक्रोज, माल्टोज, लॅक्टोज लिहून काढायचे आणि पुढे जायचं. पण त्याच पेपरात "अतिपरासारी (पेशीपेक्षा जास्त कण असलेल्या) द्रावणात ठेवलेल्या पेशीचं काय होईल", "कोणती अमिनो आम्लं प्रथिनाच्या गाभ्यात सापडतील" असलेही प्रश्न असतात. ते यादी पाठ करून सुटत नाहीत. पाण्याला मी दोन तास देते आणि ते पुढे वसूल होतात, कारण चारही रकान्यांत तेच कारण पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही.

मुलीला घरी एवढंच करायला सांगा: काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी लावून ठेव, सुटलेलं पाणी वाटीत काढ आणि ते कुठून आलं ते लिही.

पेशीवेडी

मी खारघरला एका प्रयोगशाळेत सेल कल्चरवर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्यावर, काम करते. धागा मनापासून आवडला. दोन गोष्टी जोडते.

पहिली, पाणी पटलातून जातं, पण मेदाच्या पदरातून नुसतं झिरपून मूत्रपिंडाच्या किंवा रक्ताच्या पेशीचं भागत नाही. पाण्यासाठी प्रथिनाचे स्वतंत्र मार्ग असतात, अॅक्वापोरिन. पीटर अॅग्रे यांच्या गटाने १९९२ साली ते दाखवून दिलं आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा एका मार्गातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, पण प्रोटॉन जात नाही. तो गेला असता तर पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा जो फरक राखून तंतुकणिका एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवतात, तसा फरक कुठल्याच पटलावर टिकला नसता.

दुसरी, गॉर्टर-ग्रेंडेलबद्दल. त्यांच्या पद्धतीत सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. या दोन चुका एकमेकींना छेद देऊन गेल्या आणि निष्कर्ष बरोबर आला. मुलांना हे जरूर सांगा. दुहेरी पदर आज आपण मानतो तो पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आणि इतर अनेक मार्गांनी तो पुन्हा पुन्हा दिसला म्हणून.

आणि रोजच्या कामातलं: नवीन विद्यार्थ्याला आम्ही पहिल्याच दिवशी बजावतो, पेशी कधीही साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायच्या नाहीत. बफरच (पेशीइतकेच कण असलेलं क्षारांचं द्रावण) घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींना डिस्टिल्ड पाणी लावलं तर त्या आधी गोल फुगतात, कडा फिकट होत जाते आणि मग एकेक करून दिसेनाशा होतात. मागे फक्त रिकामी पटलं उरतात, तीही नीट प्रकाश लावला तरच दिसतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात त्याच पेशी शांत राहतात. सलाइनच्या बाटलीवरचा आकडा तिथला आहे.

ऐरोलीची

आमच्या ठाणे खाडीकडे पाहायला शिकवा मुलांना! खाडीच्या ज्या पट्ट्यात फ्लेमिंगो उतरतात तो २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेला. मुलं तिथे फोटो काढायला जातात. तुमचा धडा तिथे चिखलात उभा आहे.

तिवराचं पान हातात घ्या. ऊन पडल्यावर पानावर मिठाचे बारीक कण दिसतात, जीभ लावली की खारट. पानातल्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात. पण सगळं मीठ बाहेर टाकून झाडाचं चालत नाही. खाऱ्या चिखलातून पाणी ओढायचं तर पेशीच्या आत विरघळलेले कण बाहेरच्यापेक्षा जास्त हवेत. तिवर बरंच सोडियम रिक्तिकेत (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत) कोंडून ठेवतं आणि पेशीद्रवात ग्लायसिन बीटेन नावाचा छोटा रेणू साठवतं. तो कण म्हणून मोजला जातो, पण प्रथिनांची घडी बिघडवत नाही. हे मला कळलं तेव्हापासून खाडीपुलावरून जाताना मी त्या झाडांकडे वेगळ्या नजरेने बघते.

आणि फ्लेमिंगोचा गुलाबी रंग म्हणजे कॅरोटिनॉइड. शैवाल आणि तसल्याच बारीक जीवांकडून खाण्यातून येतो. हा रेणू तेलात विरघळणारा, म्हणून पाण्याबरोबर वाहून न जाता मेदासोबत शरीरात शिरतो आणि पिसांपर्यंत पोचतो.

घणसोली_प्रा

मी महाविद्यालयात जैवरसायन शिकवतो. मांडणीशी सहमत आहे, पण एक शब्दप्रयोग वर्गात घातक ठरतो: "तेल पाण्याला घाबरतं". मुलं समजतात की तेलाचे आणि पाण्याचे रेणू एकमेकांना ढकलतात. तसं नसतं. तेलाच्या रेणूभोवती पाण्याच्या रेणूंना ठरावीक पद्धतीने रचून राहावं लागतं आणि त्यांची मोकळीक कमी होते. तेलाचे रेणू एकत्र आले की असा उघडा पृष्ठभाग घटतो आणि पाणी मोकळं होतं. म्हणजे जोर पाण्याकडून आहे. ताईंनी मूळ लेखात हे टाळलं आहे, पण पुढे कोणी शिकवताना घसरू नये म्हणून लिहितो.

दुसरं, केंद्रकाम्लांबद्दल, म्हणजे डीएनए-आरएनएबद्दल, कोणीच बोललं नाही. चौथा रकाना या मांडणीत बसत नाही असं वाटू शकतं, पण डीएनएची रचना सापडण्याच्या गोष्टीत पाणी पहिल्यापासून आहे. १९५१ च्या अखेरीस वॉटसन आणि क्रिक यांनी एक मॉडेल उभं केलं होतं: तीन साखळ्या, फॉस्फेट आत, बेस (डीएनएची अक्षरं) बाहेर. क्ष-किरणांनी डीएनएचा अभ्यास करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी ते पाहिलं आणि लगेच हरकत घेतली. डीएनएत जितकं पाणी असतं त्याचा हिशोब त्या मॉडेलमध्ये नव्हता. फॉस्फेटवर ऋण भार असतो, तो पाण्याकडे तोंड करून बाहेरच हवा. आर्द्रता बदलली की डीएनएचे धागे एका रूपातून दुसऱ्यात जातात, ए आणि बी, हे त्यांनीच दाखवलं होतं. १९५३ च्या सुरुवातीला लायनस पॉलिंगसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाचं मॉडेलही फॉस्फेट आत ठेवल्यामुळेच चुकलं. मग जे मॉडेल टिकलं त्यात फॉस्फेट बाहेर आणि चपटे बेस आत, एकावर एक रचलेले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की फ्रँकलिन यांचं नाव फक्त "फोटो ५१" या डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रापुरतं लिहू नका. त्यांनी पाण्याबद्दल घेतलेली हरकत वाचा. १९५८ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचं काम इतक्या उशिरा आपल्या पुस्तकांत यावं याचं मला आजही वाईट वाटतं.

नौपाड्याची_आई

प्रा. सर, फार सुंदर. हे मुलाला वाचून दाखवलं.

सरांच्या प्रतिसादाला जोडून घरचा प्रयोग: केळं कुस्करायचं, त्यात थोडं पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड. हळूच ढवळायचं, गाळायचं, आणि त्यावर फ्रीजमध्ये गार केलेलं सर्जिकल स्पिरिट ग्लासच्या कडेने सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरे धागे वर येतात. लिक्विडने मेदाची पटलं फुटतात, मीठ फॉस्फेटचा भार झाकतं आणि स्पिरिटमध्ये डीएनए विरघळून राहू शकत नाही. (त्या धाग्यांत डीएनएसोबत प्रथिनं आणि पेक्टिनही असतं, हे मुलांना सांगावं.) स्पिरिट असताना गॅस बंद ठेवा.

ठाणे_बेलापूर_रोड

मी औषध कंपनीत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. सलाइनचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अजून आली नाही: ओआरएस.

जुलाबात शरीरातलं पाणी जातं. नुसतं पाणी पाजलं तर पुरेसं शोषलं जात नाही, नुसतं मिठाचं पाणी पाजलं तरीही नाही. आतड्याच्या पेशीच्या पटलावर एक प्रथिन आहे जे सोडियम आणि ग्लुकोज दोघांना एकत्रच आत घेतं. एकटा सोडियम त्या दारातून जात नाही, एकटं ग्लुकोजही नाही. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी जातं. ही सोडियम-ग्लुकोजची जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. आणि जुलाब कॉलऱ्याचे असले तरी हे दार चालू राहतं!

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत बनवून नातेवाइकांच्या हाती दिलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ४ टक्क्यांच्या खाली आलं. ते २०२२ साली गेले, पद्मविभूषण २०२३ साली, मरणोत्तर.

आता ओआरएसच्या पुडीच्या मागे वाचा. १ लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हिशोब केला तर सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल येतं. हा सारखेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. एकूण कण २४५ मिलिमोल, म्हणजे रक्तापेक्षा थोडे कमी. साखर जास्त घातली तर "जास्त ताकद" येत नाही, उलट आतड्यात कण वाढून पाणी बाहेर ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून पूर्ण पुडी ठरलेल्या पाण्यातच घालायची. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात घालणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. अकरावीच्या प्रत्येक मुलाला एवढं कळलं तरी धडा सार्थकी लागेल.

कोपरीकर

काका, पुडीमागचा हा हिशोब मला माहीतच नव्हता. मुलीने आत्ता बसून तो सोडवला, सोडियम ७५ आलं (मिठातलं आणि सायट्रेटमधलं मिळून). धन्यवाद.

सिस्टर_कळवा

मी परिचारिका आहे. प्रथिनांच्या घडीबद्दल वाचलं आणि सिकल सेलचे रुग्ण डोळ्यांसमोर आले. पालघरकडच्या आदिवासी पाड्यांवर, नंदुरबारला, विदर्भात हा आजार आहे आणि उपचारासाठी माणसं इकडेही येतात.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. ग्लुटामिक आम्ल भार असलेलं, पाण्याशी जमणारं. व्हॅलिन तेलकट. ते प्रथिनाच्या बाहेरच्या बाजूला बसतं, आणि ऑक्सिजन सोडला की त्या तेलकट जागेमुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात. तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्या वेदना मी जवळून पाहिल्या आहेत. पंधरा-सोळा वर्षांचं मूल उशी दातात धरून पडलेलं असतं.

शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन आणखी दाट होतं आणि दोऱ्या लवकर बनतात. म्हणून आम्ही या रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगतो, पाणी पीत राहा, उन्हात राबताना तर जास्तच. २०२३ पासून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणी होते. लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं हे तुमच्या वर्गात सांगाल का ताई? तिथली मुलं चार-सहा वर्षांत त्या वयाची होतील.

वर्तकनगर_बायो

सिस्टर, नक्की सांगेन. हे उदाहरण मी अनुवंशिकतेच्या धड्यासाठी राखून ठेवत असे. आता प्रथिनांच्या तासालाच घेणार आणि दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची २५ टक्के शक्यता हेही तिथेच मांडणार.

अकरावी_सायन्स_वाशी

मी विद्यार्थी आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांद्याची साल पाहिली, पण त्यात हरितलवकं (पानांना हिरवा रंग देणारी अंगकं) दिसली नाहीत. वनस्पतीच्या पेशीच्या आकृतीत तर असतात. आणि रससंकोच (पाणी बाहेर गेल्यावर पेशीचा आतला भाग भित्तिकेपासून आकसणं) नीट दिसला नाही. सगळं पारदर्शक होतं. घरी फोल्डस्कोप (कागदी सूक्ष्मदर्शक) आहे.

पेशीवेडी

कांद्याचा खाण्याचा भाग जमिनीत वाढतो, तिथे प्रकाश नाही, म्हणून त्या पेशींत हरितलवकं नसतात. आकृती "सर्वसाधारण" पेशीची असते. प्रत्येक पेशीत सगळं असतंच असं नाही.

रससंकोच पाहायचा तर आतली पारदर्शक साल नको. तुम्ही वाशीला आहात, घरात लाल कांदा असणारच. त्याच्या मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, जांभळ्या बाजूची साल काढा. जांभळा रंग रिक्तिकेत विरघळलेला असतो, त्यामुळे वेगळा रंग द्यावा लागत नाही. काचपट्टीवर साध्या पाण्याच्या थेंबात ठेवून आधी पाहा: पेशी कडेपर्यंत जांभळी दिसेल. मग एका बाजूने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा (अर्ध्या कपात एक चमचा मीठ पुरे) आणि दुसऱ्या बाजूने टिपकागदाने ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटून आत सरकू लागतो. भित्तिका (पेशीची बाहेरची ताठ भिंत) जागच्या जागी राहते. मधल्या रिकाम्या जागेत मिठाचं पाणी आहे, कारण भित्तिका त्याला अडवत नाही, अडवतं ते पटल.

मग परत साधं पाणी सोडा.

अकरावी_सायन्स_वाशी

केलं! मिठाने जांभळा भाग आकसला, एकदम स्पष्ट. साध्या पाण्याने बऱ्याच पेशी परत भरल्या. पण काही भरल्या नाहीत, आणि त्यांच्यातला जांभळा रंग फिकट होऊन नाहीसाच झाला. माझ्याकडून मीठ जास्त पडलं का?

पेशीवेडी

मीठ जास्त असू शकतं, किंवा साल ओढताना त्या पेशी दुखावल्या असतील. दोन्हीत घडतं ते एकच: पटल फाटलं, रंग बाहेर गेला, आणि आत-बाहेर कणांचा फरक उरला नाही, म्हणून पाणी आत यायला कारण राहिलं नाही. परासरणासाठी पटल अखंड असावं लागतं. पुढच्या वेळी मिठाऐवजी साखरेचं घट्ट पाणी वापरून बघा आणि साल ताजी काढा. एकाच चौकटीत भरलेल्या आणि न भरलेल्या पेशी मोजून ठेवल्यात तर दोन्ही वेळची तुलना करता येईल. मोजणी इथेच टाका, घणसोलीच्या सरांनाही बघायला आवडेल.